साडेपाच सुया

मुलगी तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन सासरी गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाचीचा डबा परत करायला गेले.

चाची आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. नात्यानं माझी कुणी नाही. तिचा नवरा शिंपीकाम करायचा आणि ती घरात बसून कशिदा काढायची. नऊ वर्षांची असताना मी तिच्या उंबऱ्यात बसून पहिला धावदोरा घातला. आता ती ऐंशीच्या पुढं आहे. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं होऊनही तिला फक्त उजेड आणि सावली एवढंच कळतं.

डबा बिस्किटांचा, पत्र्याचा. त्यात तिचे कागद. नक्षी आधी पातळ कागदावर पेन्सिलीनं काढायची, मग त्या रेघेवरून सुईनं बारीक बारीक भोकं पाडायची. कागद कापडावर पसरायचा आणि रॉकेलमध्ये नीळ कालवून त्यात बुडवलेला बोळा वरून फिरवायचा. कागद उचलला की खाली निळ्या ठिपक्यांचा पोपट उमटलेला असतो. लहानपणी भोकं पाडायचं काम माझं असायचं. पोपट, कैरी, कमळ, जाईची वेल, असे साठएक कागद त्या डब्यात आहेत. काही माझ्याहून थोरले. फाटलेल्या जागी पोस्टाच्या तिकिटांच्या चिकट कडा लावून चाचीनं ते सांधलेत. मी एकोणीस वर्षं बालवाडीत शिकवलं, घोटीव कागदाची फुलं आणि पताका करण्यात माझी हयात गेली, पण कागद इतका जपून वापरणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

मुलीला सातवा लागला तेव्हा मी हा डबा मागून आणला होता. बाळंतविडा मीच करणार, विकतचं काही आणायचं नाही, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. झबली, टोपडी, कुंची, दुपटी झाली. शेवटी वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायला घेतली. वर माझ्या दोन मऊ सुती साड्या, आणि आत भर म्हणून माझ्या आईची जुनी वाकळ. आई जाऊन अकरा वर्षं झाली. तिची वाकळ पार विरून गेली होती, पण टाकवत नव्हती. तीच आत घालून वर नवी शिवली. चारी कोपऱ्यांना चाचीच्या कागदावरचा पोपट. चार महिने लागले.

चाचीनं डबा मांडीवर घेतला. कागद चाचपले. मग फलालीनीचा तुकडा काढला. त्यात खोचून तिनं मला सहा सुया दिल्या होत्या. बोटानं एकेक करत ती पुढं गेली आणि शेवटच्या सुईवर बोट थांबलं.

"ही अर्धी हाय," ती म्हणाली.

"कुठली?"

"ही. नेढ्याकडची बाजू तेवढी हाय. टोक कुठाय?"

मला एकदम आठवलं. मंगळवारची दुपार. वाकळेच्या कडेला गोट घालत होते. चार थर आणि वर गोटाची दुहेरी पट्टी, सुई जाता जाईना. मी जोर लावला आणि कट् आवाज आला. तेवढ्यात आतून मुलीनं हाक मारली, "आई, हिला घे गं जरा, मी अंघोळ करून येते." मी हातातला अर्धा तुकडा फलालीनीत खोचला. टोक नंतर बघू म्हटलं. बाळाला घेतलं तर तिनं माझ्या अंगावर दूध काढलं. साडी बदलली. मग शेजारच्या बायका बाळाला बघायला आल्या. संध्याकाळी दुसरी सुई घेऊन गोट पुरा केला, वाकळेची घडी घातली आणि ती पिशवीत भरली. टोकाचं साफ विसरले.

"चाची, ती वाकळेत मोडली," मी म्हटलं. "टोक बघितलं नाही मी."

चाचीनं ती अर्धी सुई बोटांत फिरवली, रागावली नाही. हेच मला जास्त लागलं. सुई मोडली की जागेवरून उठायचं नाही. दोन्ही तुकडे सापडले पाहिजेत, जुळवून बघितले पाहिजेत, मग कागदात गुंडाळून टाकायचे. हे तिनं मला इतक्या वेळा सांगितलं होतं की गल्लीतल्या पोरींना मीही तेच सांगत आले. मी स्वतः मात्र उठले होते.

"वाकळ कुठाय आत्ता?"

"पोरीबरोबर गेली. काल."

आणि मग मला सकाळचा फोन आठवला. सातच्या सुमाराला मुलीचा आला होता. शिरोळ तालुक्यात तिचं सासर, नदीपासून लांब नाही. म्हणाली, "आई, रात्रभर रडली गं. खाली ठेवली की रडते, उचलली की गप्प." मी हसले होते. म्हटलं, तीन महिने आजीच्या मांडीची सवय लागलीय, दुसरं काय.

खाली ठेवली की रडते. उचलली की गप्प.

चाचीच्या उंबऱ्यातूनच मी फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. जावयाचा लावला. तो साखर कारखान्यात कामाला, त्याचाही बंद. मुलगी सकाळी म्हणाली होती की कालपासून गावात लाईट नाही, पाणी चढतंय, फोनला चार्जिंग थोडंच उरलंय. मी मेसेज लिहिला, 'वाकळ बाळाच्या अंगाखालून काढ. त्यात सुईचं टोक आहे.' एकच बारीक खूण उमटली, ती तशीच राहिली.

चाचीनं कपाटाच्या खणातून रुमालात बांधलेलं काहीतरी काढून माझ्या हातात दिलं. जड होतं. जुन्या रेडिओच्या कर्ण्यातलं लोहचुंबक.

"फोन करत बसू नको," ती म्हणाली. "जा."

मिस्टर फौंड्रीत पहिल्या पाळीला होते. त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "अगं काय होत न्हाय. एवढंसं टोक ते." मग जरा थांबून म्हणाले, "तू नीघ. मी सुट्टी टाकून घरी जातो, घरात कुठं पडलंय का बघतो." त्यांचा आवाज शेवटी उतरला होता.

मी अंगावरच्या साडीनिशी स्टँडवर गेले. पंचगंगा पात्राबाहेर आलेली होती, पण रस्ता अजून चालू होता. एसटीत मी खिडकीशी बसले. बाहेर ऊस गळ्याइतक्या पाण्यात उभा होता, पण माझं लक्ष कशातच नव्हतं. लहानपणी गल्लीतल्या बायका सांगायच्या, सुई अंगात शिरली की ती थांबत नाही, रक्ताबरोबर चालत चालत काळजाशी जाते. ते खरं की खोटं मला आजही माहीत नाही. त्या दिवशी एसटीत मात्र ते मला खरंच वाटत होतं. तीन महिन्यांच्या पोरीचं अंग ते केवढं. पाठीतून काळजापर्यंत किती बोटांचं अंतर असेल, ते मी माझ्या तळहातावर मोजत होते. हातकणंगल्याला शेजारच्या बाईनं विचारलं, "काय वो, मळमळतंय का?" मी मान हलवली.

मधे मी स्वतःला समजावून बघितलं. टोक गोटात असेल तर कडेला असेल, बाळ मधे झोपतं. पण मुलगी वाकळेची घडी घालून बाळाला त्यात गुंडाळते, हे मला माहीत होतं. मीच तिला तसं गुंडाळायला शिकवलं होतं.

जयसिंगपुरातून माणसं भरून नेणारी वडापची जीप मिळाली, पण ती गावाच्या अलीकडे ओढ्यापर्यंतच गेली. ओढ्याच्या पुलावरून पाणी वाहत होतं. अलीकडे सात-आठ माणसं उभी होती आणि एक ट्रॅक्टरवाला ट्रॉलीतून लोकांना पलीकडे सोडत होता. मला बघून तो म्हणाला, "पावणं, बसा बसा. धरून बसा पण. कमरंएवढं हाय मधी."

मला पाण्याची भीती वाटते. एरवी मी ओढा ओलांडून गेलेच नसते. ट्रॉली मधोमध गेली तेव्हा एका बाजूला कलली, एक म्हातारी देवाचं नाव घ्यायला लागली, आणि मी एका हातानं फळी आणि दुसऱ्या हातानं तो रुमाल धरून बसले होते. पाणी ट्रॉलीत आलं. चपला भिजल्या. मला एवढंच वाटत होतं, की हा ट्रॅक्टर इतका सावकाश का चाललाय.

मुलीच्या घरी पोचले तेव्हा एक वाजून गेला असेल. दार उघडंच होतं. पुढच्या सोप्यात माझी विहीण भिंतीला टेकून बसली होती. रापलेली, सहा म्हशींचं दूध काढणारी बाई, बोलायला फटकळ. आमचं कधी भांडण झालं नव्हतं, पण लग्नापासून दोघी जरा जपूनच बोलत होतो. तिच्या मांडीवर बाळ होतं. माझ्या वाकळेत गुंडाळलेलं. डोळे मिटलेले, आवाज नाही.

मी 'राम राम' म्हटलं नाही की पाय धुतले नाहीत. सरळ जाऊन बाळ ओढूनच घेतलं. बाळ दचकून रडायला लागलं. ते रडणं ऐकून मला क्षणभर बरं वाटलं.

"अवो, अवो! काय झालं?" विहीण उठली. "आत्ता झोपलीती की ती!"

मुलगी आतून धावत आली. "आई? तू कशी काय?"

मी बाळाला वाकळेतून सोडवत होते. गुंडाळी सुटता सुटेना. "सुई," मी म्हटलं. "वाकळेत सुईचं टोक राहिलंय. माझ्याकडून राहिलं."

बाळ तेवढं रडत होतं. मग मुलीनं माझ्याकडं बघितलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "तू बघितलं नाहीस, आई? तू?"

ते दुसरं 'तू' मला अजून ऐकू येतं.

विहिणीनं बाळाला माझ्या हातातून घेतलं. उजेडात, दाराशी नेऊन चटईवर ठेवलं आणि झबलं काढलं. मान, काखा, पाठ, मांड्या, पायाची बोटं, सगळं ती अंगठ्यानं हळूहळू दाबत गेली. पाठीवर उजव्या बाजूला एक लाल ठिपका होता. मधे बारीक टोचल्यासारखं. विहिणीनं तो दाबला तसं बाळ किंचाळलं.

"डास असंल," ती म्हणाली. पण म्हणताना तिनं बोट तिथून काढलं नाही.

"टोक वाकळेत सापडलं तर ते अंगात नाही," मी म्हटलं. "आधी ते शोधू."

आम्ही दोघी वाकळ घेऊन अंगणातल्या पत्र्याखाली बसलो. मुलगी बाळाला छातीशी घेऊन उभी राहिली. मी चुंबक गोटावरून फिरवायला सुरुवात केली. एक बाजू झाली. दुसरी झाली. चारी बाजू झाल्या, काही नाही. पुन्हा चारी बाजू. मग मी ते मधल्या भागावरून फिरवू लागले, आणि एका जागी चुंबक किंचित ओढलं गेलं.

"हितं हाय," विहीण म्हणाली. तिनंही बघितलं होतं.

तिनं ब्लेड आणलं. ते हातात घेऊन ती माझ्याकडं बघत थांबली. "एवढं चांगलं शिवलंय," ती म्हणाली. तिच्या हातातलं ब्लेड घेऊन मीच पहिला टाका तोडला. चार महिन्यांचे धावदोरे पाच मिनिटांत सोडवले. वरची साडी उचलली. खाली आईची वाकळ. चुंबक तिच्यावर ठेवलं, तर खालून काहीतरी टोकरल्यासारखं वर आलं. विरलेल्या कापडाचा तो भाग मी बोटांनी फाडला.

सुई निघाली. पण ती माझी नव्हती.

माझी सुई बारीक, चकचकीत, तिचं टोकच तेवढं हवं होतं. ही लांब होती, जाड, पार गंजून तपकिरी झालेली. नेढ्यात दोऱ्याचा कुजका धागा. आईच्या हातची सुई. शिवता शिवता कधीतरी थरात राहून गेलेली.

ती तळहातावर घेऊन मी बसून राहिले. त्या वाकळेवर मी लहानपणी झोपले होते. माझी मुलगी तीन महिन्यांची होती तेव्हा तिला मी त्याच वाकळेवर झोपवलं होतं, या बाळासारखंच. पहिल्यांदा मला वाटलं होतं की संकट दोन दिवसांचं आहे. आता ते मागं मागं जायला लागलं. किती दुपारी, किती वर्षं. आईला ठाऊक होतं का? तिनं शोधली असेल का? की तिलाही कुणीतरी आतून हाक मारली होती?

"अवो विहीणबाई," विहीण हळूच म्हणाली. "ह्या सुईचं टोक बघा."

मी बघितलं. टोक नव्हतं. गंजून झडलं होतं की मोडून कुठं गेलं होतं, कळायला मार्ग नव्हता.

म्हणजे आता दोन टोकं शोधायची होती.

आम्ही वाकळ सगळी उसवली. थर न थर. पोपटांचे कोपरे सोडवले, गोट उलटा केला, प्रत्येक पट्टी वाटीभर पाण्यात पिळून तळाशी काही बसतंय का बघितलं. मुलगी मधेमधे "सापडलं?" विचारायची आणि आम्ही दोघी एकदमच "न्हाय" म्हणायचो. अडीच वाजले. काही सापडलं नाही. बाळ खाली ठेवलं की रडत होतं.

"आतला फोटो काढून घिऊ," विहीण उठत म्हणाली. "जयसिंगपूरला. उगं जिवाला घोर नको."

तिचे मालक गोठ्यातून आले. विहिणीनं त्यांना एवढंच सांगितलं, "पोरीचं पोट लई दुखतंय. डाक्टरकडं न्यायला पायजे. ट्रॅक्टर काढा." उसवलेल्या कापडांचा ढीग तिनं तोपर्यंत पोत्याखाली सारला होता. मालकांनी माझ्याकडं बघितलं, पण काही विचारलं नाही. गंजकी सुई तिनं कागदाच्या पुडीत बांधून स्वतःच्या कमरेला खोचली.

तो ओढा पुन्हा ओलांडायचा होता. मघापेक्षा पाणी वाढलं होतं. मुलीनं बाळाला पोटाशी बांधलं होतं, मी तिला एका बाजूनं आणि विहीण दुसऱ्या बाजूनं धरून बसलो. मधे इंजिन गुरगुरलं आणि आता बंद पडतंय असं वाटलं, तेव्हा विहिणीनं माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर चार दिवस वळ होता. तोवर मला वाटत होतं, भ्यालेली मी एकटीच आहे.

जयसिंगपुरात एका दवाखान्यात आत घेतलं. डॉक्टरबाईंना मी सगळं सांगितलं. सांगताना माझी मान वर झाली नाही. त्यांनी बाळाची पाठ बघितली, पोट दाबलं, बॅटरीनं कान-घसा तपासला, म्हणाल्या, "एक्स-रे काढू. धातू असेल तर दिसेल."

बाळाला त्या गार टेबलावर उताणं ठेवलं. हात मी धरले, पाय विहिणीनं. आम्हा दोघींच्या अंगावर जड शिशाचे कोट घातले होते. बाळ माझ्याकडं बघून रडत होतं, मी कोण आहे हे तिला ओळखू येत होतं, आणि मीच तिचे हात दाबून धरले होते. "हलू देऊ नका," आतून आवाज आला. मग टक् असं झालं. मग पुन्हा, कुशीवर. पुन्हा टक्.

बाहेरच्या बाकावर आम्ही तिघी बसलो. तेवढ्यात माझ्या फोनला रेंज आली आणि तो थरथरायला लागला. मिस्टरांचे अकरा फोन येऊन गेले होते. मी लावला.

"सापडलं," ते म्हणाले. धापा टाकत होते. "तू बसत हुतीस ती चटई. तिच्या काडीत रुतून बसलं हुतं. मी बॅटरी लावून बघितलं. अर्ध्याला जुळतं का बघायला चाचीकडं घेऊन गेलतो. जुळलं."

मी ते विहिणीला आणि मुलीला सांगितलं. मुलीनं डोळे मिटले. मला मात्र सुटल्यासारखं झालं नाही. माझं टोक सापडलं, पण आईच्या सुईचं? विहिणीनं कमरेची पुडी हातानं दाबून धरली होती. तीही तेच मोजत होती.

वीस मिनिटं गेली असतील. मला आयुष्यात तेवढी मोठी वीस मिनिटं आठवत नाहीत. सकाळपासून बाळ वाचू दे म्हणत होते. आता मी काय मागत होते तेही मला कळेना. आईला दोष लागू नये असंही कुठंतरी वाटत होतं, आणि त्याची लाज वाटत होती.

डॉक्टरबाई फिल्म घेऊन आल्या. खिडकीकडं धरली. बारक्या बारक्या फासळ्या, माशाच्या काट्यासारख्या. "काही नाही," त्या म्हणाल्या. "स्वच्छ आहे. पाठीवर डास चावलाय. आणि उजवा कान आतून लाल आहे, आडवं केलं की ठणका लागतो, म्हणून रडते. थेंब देते."

कान. मुलगी रडायला लागली. विहीण तिला म्हणाली, "रडू नको, दूध जाईल तुझं." आणि स्वतः तोंडाला पदर लावून भिंतीकडं तोंड केलं.

त्या संध्याकाळी ट्रॅक्टरनं पुन्हा ओढा ओलांडून मी त्यांच्याकडंच परत गेले, कारण माझ्या घराकडचा रस्ता बंद झाला होता. तीन दिवस अडकले. विहिणीनं घरात कुणाला सुईबद्दल अवाक्षर सांगितलं नाही. जावयालाही नाही. "कानाचं दुखणं हुतं," एवढंच. मी एकदा तिला म्हटलं, "तुम्ही मला काहीतरी बोला तरी." ती शेणाचे हात धूत होती. म्हणाली, "काय बोलू? तुमचं टोक मोडलं नसतं तर ती दुसरी गावली असती का?" हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी नीट वागले असते, उठले नसते, टोक जागेवर सापडलं असतं, तर आईची सुई बाळाच्या पाठीखाली तशीच राहिली असती.

चाचीला सगळं सांगितलं तेव्हा तिनं डबा मांडीवर ओढला. मग म्हणाली, "तुझी आई माझ्याकडूनच सुया न्यायची." आणि डब्याचं झाकण लावलं. किती परत आल्या, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर मी सुई हातात घेतली नाही. ब्लाऊजचं बटणसुद्धा बाहेरून लावून आणायचे. बाळासाठी दुकानातून कार्टूनची रजई नेली. दिवाळीला विहिणीचा फोन आला. उसवलेली कापडं तिनं धुऊन, उन्हात वाळवून ठेवली होती. "या," म्हणाली. "दोघी मिळून शिवू. एकीनं शिवायचं, एकीनं नुसतं बघायचं."

मी गेले. पहिल्या दिवशी मी नुसतीच बघत बसले. दुसऱ्या दिवशी दोरा ओवला. आईची वाकळ आत घालायची की नाही यावर आम्ही बराच वेळ बोललो. शेवटी तिचे धड असलेले चार तुकडे घेतले, उजेडात धरून, बोटांनी धागा न धागा चाचपून. आठ दिवस लागले. शिवून झाल्यावर मी वाकळ मुलीकडं द्यायला गेले, तर विहिणीनं मधेच काढून घेतली.

"थांबा," ती म्हणाली. "आधी मी झोपतो हिच्यावर. उघड्या पाठीनं. मला काय टोचलं न्हाय, तर मग घाला पोरीला."

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलली असेल. पण ती खरंच झोपली. साठी ओलांडलेली बाई, थंडीत, चोळी काढून, त्या बाळाच्या आखूड वाकळेवर पाय बाहेर काढून झोपायची. रोज सकाळी धार काढून झाली की मला फोन यायचा. दोनच शब्द. "न्हाय टोचलं." असे तीन महिने. मग एका सकाळी म्हणाली, "काल पोरीला घातली. गाढ झोपली." त्या दिवशी मी घरात काहीच काम केलं नाही.

भीती गेली असं मी म्हणणार नाही. मुलीच्या घरचा फोन वाजला की आधी हात गार पडतात, मग मी तो उचलते. परवा विहिणीचा आला. उचलला तर पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, कुणीतरी मागं ओरडत होतं. मी "काय झालं? काय झालं?" म्हणत खालीच बसले.

"अवो, चालाय लागली!" विहीण म्हणाली. तिला धाप लागली होती. "थेट गोठ्यात गेली की वो. आत्ता धरून आणली."